‘कष्टाळू’ या शब्दामागची स्त्री

आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवण्याची हौस अलीकडे नव्या घरांत शिरली आहे. पूर्वी हा उद्योग मुख्यतः ज्यांच्या माळ्यावर सनदा, इनामाचे कागद आणि पत्रव्यवहाराची दप्तरे होती अशा घराण्यांचा होता. विसाव्या शतकात कोकणातील अनेक ब्राह्मण घराण्यांनी आपले जाडजूड कुलवृत्तांत छापून काढले आणि त्याची एक रीतच पडून गेली. आता लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी या भागांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्या कुटुंबांतील शिकलेली नातवंडेही कुलदैवताच्या जत्रेच्या किंवा घरातील एखाद्या वडीलधाऱ्याच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने छोट्या पुस्तिका काढू लागली आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्यांनी तो स्वतः लिहिला पाहिजे, यात दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु अशा पुस्तिका चाळताना एक विसंगती वारंवार नजरेस येते. आजोबांविषयी लिहिताना नातवंडे तपशिलाची कसूर करीत नाहीत. ते कोणत्या साली बोटीने मुंबईस आले, कोणाच्या ओळखीने कोणत्या गिरणीत चिकटले, साचेखात्यात होते की तरासन खात्यात, जॉबर कधी झाले, कोणत्या संपात त्यांनी भाग घेतला, हे सारे सापडते. आजीच्या वाट्याला मात्र एक-दोन वाक्ये येतात. त्या अत्यंत कष्टाळू, सोशिक आणि प्रेमळ होत्या. हालअपेष्टा सोसून त्यांनी मुलांना वाढविले. एवढ्या अर्थाचा मजकूर झाला की वंशावळ पुढच्या पिढीकडे वळते. कष्ट म्हणजे नेमके कोणते, ते कोठे केले, त्याचे किती पैसे मिळाले आणि त्या पैशांचे काय झाले, यांपैकी कशाचाही उलगडा होत नाही.

‘कष्टाळू’ हे विशेषण गौरवाचे आहे, पण त्याने एका व्यवसायाची जागा घेतली आहे. आजोबा गिरणी कामगार होते आणि आजी कष्टाळू होत्या, असे आपण लिहितो तेव्हा पुष्कळ घरांच्या बाबतीत आपण अर्धेच सत्य सांगत असतो. कारण आजीही गिरणी कामगार होत्या. किंवा त्या खाणावळ चालवीत होत्या. किंवा गावाकडची शेती एकहाती करीत होत्या. कामगार स्त्रीचा कौटुंबिक इतिहासातील हा लोप योगायोगाने झालेला नाही. तो कसा झाला हे समजून घेतल्याखेरीज तो भरून काढता येणार नाही.

पाचपैकी एक

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांच्या पुढाकाराने १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी ताडदेव येथे ती गिरणी चालू झाली. पुढील तीन-चार दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने येऊ लागल्या. याची साक्ष कायदाच देतो. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामावर दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. अकरा तास ही जेथे सवलत ठरते, तेथे आधीचा दिवस किती लांब असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार होते आणि त्यांत दर पाच कामगारांमागे जवळजवळ एक स्त्री होती. गिरणगावात ज्या कुटुंबांची मुळे त्या काळापर्यंत जातात, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी पहाटेचा भोंगा ऐकून दोन माणसे बाहेर पडत होती, असा याचा अर्थ होतो.

या स्त्रिया बहुतांशी वाइंडिंग आणि रिळिंग या दोन खात्यांत असत. कातलेले सूत विणकामासाठी बॉबिनवर किंवा कांडीवर भरणे आणि विक्रीच्या सुताच्या लडी काढणे, ही ती कामे. धागा तुटला की तो बोटांच्या चिमटीत धरून क्षणात गाठ मारायची आणि पुढच्या चातीकडे वळायचे, असे दिवसभर उभ्याने चाले. मजुरी उक्ती, म्हणजे किती वजनाचे सूत उतरले त्यावर. सूत कच्चे आले तर धागा अधिक तुटे, माल कमी निघे आणि तोटा बाईच्या पदरात पडे. या कामाला ‘हलके’ म्हणण्याची पद्धत होती. हलके म्हणजे कमी मजुरीचे, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ होता. बोटांची जी चपळाई कमावण्यास कित्येक वर्षे लागत, ती स्त्रीच्या अंगी उपजतच असते असे मानले की तिचे कसब म्हणून वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

या खात्यांवर देखरेख करणाऱ्या स्त्रीला ‘नायकीण’ म्हणत. पुरुषांच्या खात्यात जॉबरचा जो अधिकार होता, तोच येथे नायकिणीचा. कामावर घेणे, बदलीवर ठेवणे, रजा देणे, खाडा मांडणे हे तिच्या हाती. ती कोणाकडून पैसे उकळी, कोणाला अडल्या वेळी उसने देई. गिरणगावाच्या सामाजिक जीवनातील ही एक वजनदार व्यक्ती होती. तरीही कोणा घराण्याच्या पुस्तिकेत पणजी नायकीण होती असा उल्लेख सहसा आढळत नाही. त्या शब्दाला आपल्याकडे दुसराही एक अर्थ आहे, आणि त्या अर्थाच्या धास्तीने घरच्यांनी तो शब्दच टाकून दिला असल्यास नवल नाही.

गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांत विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या बाबतीत ‘संसाराला हातभार’ ही नेहमीची शब्दयोजनाही लागू पडत नाही. हातभार कोणाला लावायचा? संसाराचा सगळा भार त्यांच्याच हातावर होता.

कागदावरून पुसलेले नाव

अशा स्त्रीचा शोध घेऊ लागणाऱ्या नातवाला पहिली अडचण तिच्या नावाचीच येते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत सर्वपरिचित आहे. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव कोरले जाते, सर्वांना पेढे वाटले जातात आणि त्या क्षणी एका माणसाचे कागदोपत्री अस्तित्व दुभंगते. माहेरचे नाव एका गावात राहते, सासरचे दुसऱ्या गावात. नाशिकच्या किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पुरुषांच्या सात-आठ पिढ्या लागतात. स्त्रीचा माग मात्र एका लग्नापलीकडे बहुधा तुटतो. गिरणीच्या मस्टरवर पुष्कळदा तिचे नाव आणि पुढे नवऱ्याचे किंवा बापाचे नाव, एवढेच असे.

दुसरी अडचण जन्मनोंदीची. कोकणातील आणि घाटावरील कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी शक्यतो गावी जात. त्यामुळे मूल मुंबईत वाढले तरी त्याचा जन्म मुंबईच्या दप्तरात नसतो. याचा एक विदारक पुरावा जुन्या आकडेवारीतच आहे. १९२१ साली मुंबई शहरात दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा फुगण्याचे एक कारण हे की अनेक मुलांचा जन्म गावी होई आणि मृत्यू तेवढा शहरात नोंदला जाई. मात्र हा हिशेब वजा घातला तरी उरणारे सत्य भीषणच राहते. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत. आई गिरणीत जाई. तान्हे मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. त्या काळच्या सरकारी पाहणीत ही प्रथा कामगार वस्तीत सर्रास असल्याचे नमूद झाले आहे. आपल्या वंशावळीत ‘बालपणी वारले’ अशा ज्या नोंदी दिसतात, त्यांच्या मागे आईची हयगय नव्हती. मूल सांभाळण्यास कोणी नसता अकरा तासांची पाळी करणे भाग पडलेली स्त्री तेथे उभी आहे. तिने काय सोसले हे सांगण्यासाठी विशेषणांपेक्षा ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे.

तिसरी अडचण शिरगणतीने निर्माण केली. शिरगणतीत काम कशाला म्हणावे याची व्याख्या वेळोवेळी बदलत आली आहे. १९७१ च्या जनगणनेत मनुष्याचा मुख्य व्यवसाय कोणता हे आधी विचारले गेले आणि ज्या स्त्रीने ‘घरकाम’ असे सांगितले किंवा जिच्या वतीने घरच्या पुरुषाने तसे सांगितले, ती काम न करणाऱ्यांत गणली गेली. १९६१ च्या मानाने काम करणाऱ्या स्त्रियांचा आकडा त्यामुळे एकदम घसरला. दहा वर्षांत देशातील स्त्रियांनी काम सोडले नव्हते; विचारण्याची रीत बदलली होती. शेतात लावणी करणारी, म्हशी राखणारी, दहा माणसांचे डबे करणारी स्त्री सरकारच्या कागदावर रिकामी ठरली, आणि पुढे कुटुंबाच्या स्मृतीनेही तोच कागद प्रमाण मानला.

गिरणीतून बाहेर

कामगार स्त्रीच्या विस्मरणाचे आणखी एक मोठे कारण आहे, आणि ते आर्थिक आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती भत्त्याचे विधेयक चर्चेस आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि स्त्रियांच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये हा कायदा झाला. अशा प्रकारचा हा देशातील पहिला कायदा. त्यानुसार बाळंतपणाच्या आधीचे व नंतरचे काही आठवडे दिवसाला आठ आणे भत्ता मिळू लागला. कामगार स्त्रीचे मातृत्व कायद्याच्या पुस्तकात शिरले ते येथे.

मालकवर्गाने मात्र आपला हिशेब वेगळा मांडला. भत्ता, स्त्रियांसाठी वेगळी सोय, रात्रपाळीस मनाई ही सारी कलमे खर्चाच्या बाजूस धरली गेली. नवी, वेगवान यंत्रे आली तशी वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांतील माणसे कमी करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्या अधिक पाळ्यांत चालू लागल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सातनंतर स्त्रियांना कामावर ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. आणि जे यंत्र चोवीस तास चालवायचे त्यावर दिवसापुरतीच येऊ शकणारी बाई कशाला, असा विचार होऊ लागला. वेतनाचे प्रमाणीकरण झाल्यावर स्त्री स्वस्तही राहिली नाही. एके काळी पाचपैकी एक असलेली स्त्री १९७० च्या दशकापर्यंत शेकडा दहाच्याही बरीच खाली उतरली होती. संरक्षणासाठी केलेल्या कायद्यांचा दोष येथे मानण्याचे कारण नाही. संरक्षणाचा खर्च टाळण्यासाठी संरक्षित व्यक्तीलाच दाराबाहेर करण्याची जी मुभा मालकांना राहिली, तिचा हा परिणाम आहे. कामगार संघटनांचे पुढारीपण पुरुषांकडे होते, आणि घरातील कर्त्या पुरुषाची नोकरी वाचली म्हणजे लढाई जिंकली, अशीच त्यांची धारणा होती.

याचे पर्यवसान कशात झाले ते पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरणगावाची सामूहिक स्मृती या संपाभोवती गोठली आहे, आणि त्या संपापर्यंत गिरणीत स्त्रिया फारशा उरलेल्याच नव्हत्या. त्यामुळे गिरणी कामगार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र येते ते पुरुषाचे. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधण्याचे धोरण आले, तेव्हा पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असणे ही अट घातली गेली. दीड लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ साली ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली आणि बहुसंख्य अर्जदारांची प्रतीक्षा त्यानंतरही संपली नाही. हे धोरण ठरवितांना कोठली तरी तारीख लागणारच होती, हे मान्य. परंतु या तारखेच्या अलीकडे, १९४० ते १९७० या काळात, वीस-पंचवीस वर्षांची नोकरी करून कमी केल्या गेलेल्या हजारो स्त्रियांचा त्या हिशेबात मागमूस नाही, हेही तितकेच खरे. एकदा यंत्रावरून उठविल्या गेलेल्या स्त्रिया दुसऱ्यांदा यादीतून वगळल्या गेल्या.

मस्टर नसलेले श्रम

गिरणीतील स्त्रीचे निदान मस्टर तरी होते. जिच्या श्रमाला कोणतेच मस्टर नव्हते तिचे काय? मुंबईत एकटे राहणारे हजारो कामगार ज्यांच्या हातचे जेवले त्या खाणावळवाल्या स्त्रिया आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारपासून राबत. बाजार, दळण, सरपण किंवा रॉकेल, दोन वेळचा स्वयंपाक, डबे आणि भांडी ही त्यांची रोजची पाळी, आणि तिला आठवड्याची सुटी नसे. संपाच्या काळात तर या बायकांनी उधारीवर माणसे जेवू घातली, त्यासाठी भांडीकुंडी आणि प्रसंगी मंगळसूत्र गहाण टाकले. १९७४ चा बेचाळीस दिवसांचा संप असो की १९८२ चा, तो लढविण्यास जे अन्न लागले त्याचा पुरवठा कोणत्या निधीतून झाला, याचा विचार संपाच्या इतिहासात अभावानेच होतो. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशा चौदा खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचविले. सावकाराच्या जाचातून त्या सुटल्या, ही त्या कार्याची एक बाजू. बँकेच्या अर्जावर व्यवसाय या रकान्यात त्यांच्या कामाचे नाव लिहिले गेले, ही दुसरी बाजूही कमी महत्त्वाची नाही.

तिसरी स्त्री गावी होती. रत्नागिरी जिल्ह्याच्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या सातत्याने जास्त आढळते. २०११ मध्येही तेथे दर हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया होत्या. चाकरमान्यांच्या जिल्ह्याचे हे लक्षण आहे. नवरा मुंबईत आणि बायको गावी अशा दोन चुलींवर तो संसार चाले. मनीऑर्डरीने घर चालले असे आपण म्हणतो. पण मनीऑर्डर येई ती खतापुरती, बियाण्यापुरती, औषधापुरती. भात लावण्यापासून झोडण्यापर्यंत, गुरे, कवळे, पाणी, म्हातारे सासू-सासरे आणि मुले हे सारे ती स्त्री पाहत असे. आणि गिरणीतील मजुरीवर एकट्या पुरुषाचे पोट भरे, कुटुंबाचे भरत नसे. ते कुटुंब गावाकडच्या शेतावर पोसले जात होते म्हणूनच मालकाला इतकी कमी मजुरी देऊन भागले. तेव्हा कोकणातील त्या स्त्रीने मुंबईच्या गिरणीत पाऊल ठेवले नसले तरी गिरणीच्या नफ्यात तिच्या श्रमाचा वाटा होता. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र तिचे नाव चढे ते नवऱ्याच्या पश्चात, वारस म्हणून. जी जमीन तिने चाळीस वर्षे कसली, तिच्याशी तिचे कागदोपत्री नाते वैधव्याने सुरू होई.

घरानेच का विसरावे?

सरकार आणि मालक यांनी नोंद ठेवली नाही हे समजू शकते. घराने ती का ठेवली नाही? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला फारसे सुखावह नाही. कामगार कुटुंबाची स्थिती सुधारल्याची पहिली खूण म्हणजे घरातील बाईने बाहेर कामाला जाणे थांबविणे, असे आपल्या समाजाने ठरवून टाकले होते. मुलगा शिकून कारकून झाला की आईची गिरणी सुटली, आणि तिची नोकरी होती ही गोष्ट घरात बोलली जाईनाशी झाली. सुनेच्या माहेरच्यांसमोर सासू रिळिंग खात्यात होती हे सांगण्याचा संकोच वाटू लागला. आजीनेही तो संकोच स्वीकारला आणि विचारले तर ‘आम्ही काय, राबलो झालं’ एवढ्यावर विषय संपविला. जिच्या पगारावर मुलगा शिकला तिचा पगारच त्या शिक्षणाला लाजिरवाणा वाटावा, हा या प्रगतीतील क्रूर विपर्यास होय.

मराठीतील आत्मकथनांकडे पाहिले असता हा भेद स्पष्ट होतो. रमाबाई रानडे किंवा लक्ष्मीबाई टिळक यांच्या थोर आठवणींनी आपल्याला सुशिक्षित घरातील स्त्रीचे अंतरंग दाखविले. श्रमणाऱ्या आईचे काम नावानिशी सांगण्याचे धैर्य मुख्यत्वे दलित लेखनाने केले. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांनी आपल्या समाजातील स्त्रियांचे श्रम झाकून ठेवले नाहीत. उर्मिला पवार यांनी तर २००३ साली आईच्या बुरूडकामाचेच, ‘आयदान’ हे नाव आपल्या आत्मकथनाला दिले. त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ज्यांची कोठेच नोंद नव्हती अशा कार्यकर्त्या उजेडात आणल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा इतिहास तेथील माणसांच्या तोंडून नोंदविला. कवी नारायण सुर्वे यांच्या चरित्रात त्यांना वाढविणारे गंगाराम सुर्वे जसे गिरणी कामगार म्हणून येतात, तशाच काशीबाई सुर्वे याही कमला मिलमधील कामगार म्हणून येतात. एका अनाथ बालकाला घर मिळाले ते दोन मजुऱ्यांच्या आधारावर, हे त्यामुळे आपल्याला कळते. काशीबाई केवळ मायाळू होत्या असे लिहिले गेले असते तर ही गोष्ट निसटली असती.

कोणी म्हणेल की आईचे मोठेपण तिच्या पगारात मोजणे हा तिचा अपमान आहे. माया आणि त्याग यांना का कोठे रकाना असतो? या आक्षेपात भावनेचा भाग खरा आहे. पण आईच्या त्यागाचा जयजयकार करून तिच्या हक्काचा प्रश्न टाळण्याची युक्ती आपल्या परिचयाची आहे. वडिलांचेही मुलांवर प्रेम होते. म्हणून कोणी त्यांची नोकरी लिहिण्याचे सोडले नाही. मायेच्या जोडीला काम लिहिले तर मायेत उणेपणा येत नाही. उलट दहा तास उभे राहून आल्यावर ती माया शिल्लक होती, हे कळल्याने तिची किंमत समजते.

काय करता येईल

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचे बंधन शासकीय कागदपत्रांसाठी घातले. ते योग्यच झाले. पुढच्या पिढीच्या वंशावळीत निदान आईचे नाव हरवणार नाही. परंतु हा निर्णय मागे जात नाही. जन्मनोंदीच्या नमुन्यात आईच्या व्यवसायाचा रकाना आहे. तेथे सवयीने ‘गृहिणी’ लिहिण्यापूर्वी नोंद करणाऱ्याने क्षणभर थांबून विचारावे, एवढी अपेक्षा आजच्या बापांकडून बाळगण्यास हरकत नाही.

मागच्या पिढ्यांचे काम मात्र घरोघरीच व्हावयास हवे. त्यासाठी पांडित्य लागत नाही. जुन्या ट्रंकेत प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, राज्य विमा योजनेचे कार्ड, गिरणीचा पास, खोलीची भाडेपावती, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांपैकी काही ना काही सापडते. ते रद्दीत जाण्यापूर्वी पाहावे. आजीचे माहेरचे नाव आणि गाव आधी लिहून घ्यावे, कारण बाकी सारा शोध तेथून सुरू होतो. मग प्रश्न नेमके विचारावेत. कितव्या वर्षी कामाला लागलात? कोणी लावले? खाते कोणते, नायकीण कोण? पहिला पगार किती आणि तो कोणाच्या हातात दिला? तुम्ही कामावर असताना मूल कोणाजवळ असे? काम का सुटले, आणि सुटले तेव्हा काय हातात पडले? ‘तुमच्या वेळचे काही सांगा’ असे मोघम विचारले तर मोघमच उत्तर मिळेल. पगार कोणाच्या हातात दिला असे विचारले की एक अख्खे आयुष्य उलगडू लागते.

या कामास अवधी फार थोडा आहे. १९६० च्या सुमारास ज्या तरुणी वाइंडिंग खात्यात होत्या, त्या आज ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. गिरण्या पाडल्या गेल्या, चिमण्या उतरविल्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. खोली गेल्यावर ट्रंक जाते आणि ट्रंकेबरोबर कागद जातात. आजोबांच्या गिरणीचे नाव सांगणारे निदान संघटनेचे दप्तर किंवा सोडतीचा अर्ज कोठेतरी असेल. आजीचे दप्तर बहुतेक घरांत तिच्या आठवणीखेरीज दुसरे नाही.

कुटुंबाचा इतिहास म्हणजे शेवटी कोणी कोणाला पोसले याचा हिशेब असतो. त्या हिशेबात एका रकान्यात आकडे आणि दुसऱ्या रकान्यात विशेषणे असतील, तर तो हिशेब चुकीचा आहे. पुढच्या पुस्तिकेत आजीला कष्टाळू जरूर म्हणावे. पण त्याच ओळीत तिचे माहेरचे नाव, खाते, वर्षे आणि पगार लिहावा. तेवढे ऋण आपल्याला फेडता येण्यासारखे आहे.